एक वापरायला, एक मोडायला

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी टिकत नसे, पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर हिंडायची, म्हणून तिच्या दादानं तिला हे नाव चिकटवलं, आणि चिकटलं ते चिकटलंच. आता ती पन्नाशीला टेकली आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते, केसांत पांढरं डोकावू लागलं आहे, तरी दादाच्या तोंडी ती भिंगरीच. महाविद्यालयातल्या पोरांना हे नाव कुणी सांगितलं देव जाणे. तीही पाठीमागे तिला भिंगरी मॅडम म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, पण ती तसं दाखवत नाही.

वस्तू कशा बनतात आणि कशाच्या बनवाव्यात, हा तिचा विषय. वेळापत्रकात त्याला ‘उत्पादन प्रक्रिया आणि पदार्थनिवड’ असं भारदस्त नाव आहे. बाकीच्या मास्तरांचा विषय तास संपला की संपतो. हिचा मात्र हिच्या मानगुटीवर बसलेला. ती कुठल्याही खुर्चीवर आधी बसत नाही. खुर्ची उलटी करून खालचे सांधे बघते आणि मग बसते. दवाखान्यात गेली तर डॉक्टरांनी हिची जीभ बघायच्या आधी हिनं त्यांच्या टेबलाचं वेल्डिंग बघितलेलं असतं. तरुणपणी घरची मंडळी तिला घेऊन एका घरी लग्नाची बोलणी करायला गेली होती. तिथं हिनं जिन्याचा कठडा हलवून बघितला, आणि तो हलला. हिनं ते सगळ्यांदेखत सांगितलं. ती बोलणी पुढे कुठवर गेली हे तुम्हाला सांगायला नकोच.

ती शिकत होती तेव्हा वर्गात मुलगी म्हणून ती एकटीच होती. ओतशाळेत वितळलेलं लोखंड साच्यात ओतायची वेळ आली की सर तिला म्हणायचे, तू आपली चार हात लांब उभी राहा आणि लिहून घे. ती लांब उभी राहिली, लिहूनही घेतलं, आणि आतल्या आत जळफळत राहिली. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भागात हवेचे बुडबुडे का राहतात हे तिला तोंडपाठ होतं, पण साच्यातली वाळू हाताला कशी लागते हे पदवी हातात पडेपर्यंत माहीत नव्हतं. त्याचा राग तिला आजही आहे, आणि तो योग्यच आहे असं माझंही मत आहे.

म्हणून स्वतः शिकवायला लागल्यावर तिनं विषयाचा नूरच पालटून टाकला. आधी पोरं फायदे आणि तोटे असे दोन रकाने पाठ करायची. ॲल्युमिनिअम हलकं, पण महाग. बीड स्वस्त, पण ठिसूळ. परीक्षेत उतरवून काढायचं की झालं. भिंगरीनं ते सगळं गुंडाळून ठेवलं. ती पिशवीतून एखादी वस्तू काढायची, बिजागरी म्हणा, चमचा म्हणा, सायकलचं पायडल म्हणा, आणि ती वर्गभर फिरवायची. हे कशाचं आहे, कसं बनवलं, आणि मोडलंच तर कुठून मोडेल? कुणी नुसतं ‘स्टीलचं’ म्हटलं की तिचं कपाळ आठ्यांनी भरून जायचं. कुठलं स्टील, कुणी निवडलं, त्याच्यासमोर दुसरं काय होतं, ते का नको वाटलं? पोरं घायकुतीला यायची. पण वर्ष संपता संपता तीही खानावळीतले चमचे वाकवून बघायला लागायची, आणि खानावळवाला भिंगरीच्या नावानं बोटं मोडायचा.

या सगळ्यावर तिचा एक दंडक होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. प्रकल्पात जो भाग बनवाल त्याची जोडी बनवायची. एकाच सळईतून, एकाच दिवशी, एकाच हातानं. एक वापरायला, एक मोडायला. मोडायचा तो यंत्रात घालून तुटेपर्यंत ओढायचा आणि तो का तुटला, कसा तुटला हे त्याचे तुकडे हातात धरून सगळ्यांसमोर सांगायचं. जोडीतला एक मोडून बघितल्याशिवाय दुसऱ्यावर माणसाचा जीव सोपवायचा नाही, असं ती म्हणायची.

घरी तिघं राहायची. भिंगरी, दादा आणि वहिनी. दादानं उभा जन्म बस चालवली. रस्त्यावरच्या माणसांशी खिडकीतून गप्पा मारत गाडी हाकणारा असा तो माणूस, गल्लीबोळातलं कुत्रंही त्याला ओळखायचं. मग त्याच्या मणक्यात काहीतरी बिघडलं. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, आणि शेवटी कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. वहिनीनं त्याला उचलता उचलता स्वतःची पाठ धरून घेतली. त्यानंतर न्हाणीघरात न्यायचं तरी शेजारच्या दोघांना हाक मारावी लागे. शेजारी भले होते, कधी नाही म्हणाले नाहीत. पण ते आत येताना चपला काढत तेवढ्या वेळात दादा डोळे मिटून घ्यायचा, आणि पुन्हा पलंगावर पडेपर्यंत उघडायचा नाही.

भिंगरीला ते बघवेना. शेवटच्या वर्षाची चार मुलं तिच्याकडे प्रकल्प मागायला आली, तेव्हा तिनं त्यांना घरी आणून दादा दाखवला. या चौकडीची म्होरकी एक लांब वेणीची मुलगी होती. तिला आपण वेणीवाली म्हणू. चौघांनी जीव ओतून काम केलं. खोलीच्या छताला नशिबानं लोखंडी तुळया होत्या. तुळईला रूळ बसवला, रुळावरून सरकणारा चाकांचा छोटा गाडा चढवला, गाड्याखाली मोटर टांगली आणि मोटरीखाली जाड पट्ट्यांची झोळी. बटणं दादाच्या हातात. पलंगावर असतानाच झोळी अंगाखाली घ्यायची, बटण दाबून वर उचललं जायचं, सरकत न्हाणीघरापर्यंत जायचं, नाहीतर खिडकीपाशी खुर्चीत उतरायचं. दादानं त्याचं नाव झोका ठेवलं.

हे सगळं ओझं शेवटी एका बोल्टवर येत होतं. रुळावरच्या गाड्याला मोटर ज्यानं धरली होती, तो बोल्ट. तो घट्ट आवळलेला असल्यामुळे झोळीत माणूस असो वा नसो, कायम ताणात असायचा. गाड्याचं भोक मुलांनी आधीच पाडून ठेवलं होतं आणि ते जरा बारीक होतं. जाड बोल्ट बसेना. मग भिंगरीनंच सुचवलं की बोल्ट बारीकच ठेवू, पण अतिशय कडक पोलादाचा करू, पाणी दिलेला, म्हणजे लालभडक तापवून एकदम विझवलेला. दंडकाप्रमाणे जोडी बनली. त्यातला एक यंत्रात घालून ओढला. दादासारखी दहा-बारा माणसं एकदम लोंबकळली असती तरी तुटला नसता, इतका तो निघाला. दुसरा छताला गेला.

पहिल्या दिवशी दादा वर उचलला गेला तेव्हा तो खोलीच्या मध्यावर थांबला आणि वहिनीला म्हणाला, तिकीट काढलंस का. वहिनी हसली आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली. त्या दिवसापासून शेजाऱ्यांना हाक मारायची गरज उरली नाही. दादा मनात येईल तेव्हा उठायचा, मनात येईल तेव्हा झोपायचा. त्याचं जेवण वाढलं, आवाज वाढला, वहिनीशी भांडणंसुद्धा वाढली. चौकडीला प्रकल्पाचं पहिलं बक्षीस मिळालं. भिंगरी काही दिवस जवळजवळ शांत बसायला शिकली होती.

मग एके सकाळी वहिनीनं पलंगाची चादर आणून दाखवली. तिच्यावर तपकिरी ठिपके होते. न्हाणीघरातली वाफ वर जाऊन बोल्टावर बसत होती आणि त्याचा गंज खाली पडत होता. स्वच्छतेच्या बाबतीत वहिनी कुणाची गय करत नसे. भिंगरी घाईत होती, पेपर तपासायचे होते. तिनं वेणीवालीला फोन करून सांगितलं की बोल्ट काढून ने आणि त्याला जस्ताचा मुलामा देऊन आण. मुलीनं सकाळी बोल्ट नेला, मुलामा देणाऱ्या कारखान्यात दिला आणि तिसऱ्या प्रहरी चकचकीत करून आणून बसवला. दादा वर बघून म्हणाला की आता याला नजर लागेल. सगळे हसले, भिंगरीसुद्धा.

इथंच ती चुकली, आणि अशी चूक फक्त तीच करू शकत होती. बाहेरचा माणूस म्हणेल की चकचकीत केला म्हणजे चांगलाच झाला की. पण छतावरचा बोल्ट आता तो राहिला नव्हता, ज्याची जोडी मोडून बघितली होती. एका भावाची परीक्षा घेतली होती आणि भलत्याच भावावर दादाला टांगलं होतं. आपलाच दंडक तिनं आपल्याच घरात मोडला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो वर्गात. दुसऱ्या वर्षाची पोरं समोर होती आणि गंजापासून बचाव हा भाग चालला होता. दर वर्षी ती हा भाग शिकवते, आणि आवडीनं शिकवते, कारण पोरांना त्यात भुताच्या गोष्टीची मजा येते. मुलामा द्यायच्या आधी लोखंड ॲसिडात बुडवून साफ करतात, ती सांगत होती. साधं मऊ लोखंड असेल तर काही बिघडत नाही. पण पाणी दिलेलं कडक पोलाद असेल, तर त्यात ॲसिडातून सुटलेला हायड्रोजन शिरून बसतो. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. तेव्हाच्या तेव्हा ओढून बघितलं तर पासही होईल. मग तो भाग ताणात राहून राहून एके दिवशी, कुणी हातही न लावता, काडकन तुटतो. म्हणून तो हायड्रोजन बाहेर पडावा यासाठी कडक पोलादाला मुलामा दिला की लगेच भट्टीत...

ती तिथंच थांबली. खडू फळ्याला टेकलेला.

‘तापवायचं, मॅडम,’ पहिल्या बाकावरून कुणीतरी मदत केली. पोरांना वाटलं, शब्द विसरल्या.

तिनं खडू ठेवला आणि चालू तास सोडून ती बाहेर पडली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वेणीवालीला व्हरांड्यात गाठून तिनं एवढंच विचारलं की मुलामा देणाऱ्याला भट्टीत तापवायला सांगितलं होतंस का. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मग ती काय सांगणार. भिंगरीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली की हे तुझं नाही, माझं आहे. मग ती जिन्याकडे पळाली.

घरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. वहिनी बाजारात गेली असणार. टॅक्सी मिळाली ती दर सिग्नलला थांबू लागली. भिंगरी मागच्या सीटवर कधी उजवीकडे सरकायची, कधी डावीकडे. पुन्हा पुन्हा फोन लावायची. शेवटच्या चौकात ती उतरलीच आणि साडी खोचून धावत निघाली. आपली मॅडम रस्त्यानं धावतेय हे कुणा विद्यार्थ्यानं पाहिलं असतं तर त्याला आठवडाभर पुरेल इतका विषय मिळाला असता.

दार उघडलं तर दादा खोलीच्या मधोमध लटकलेला. फोन पलंगावर वाजत होता, आणि तो घ्यायला खिडकीकडून परत फिरताना दादा अर्ध्यावर आला होता. म्हणजे हिच्या फोननंच त्याला तिथं अधांतरी धरलं होतं. तो वैतागून म्हणाला की किती वेळा करतेस, येतच होतो ना. भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण तिनं आवाज चढवला नाही.

‘दादा, खाली घे.’

‘पलंगावर जाऊन घेतो.’

‘इथंच. आत्ता. हळू.’

तिच्या आवाजात काहीतरी असावं, त्यानं ऐकलं. झोळी खाली आली आणि दादा खोलीच्या मध्यावर फरशीवर बसला, भिंतीचा आधार नाही, कशाचा नाही. भिंगरी स्टुलावर चढली आणि एक शब्द न बोलता, मोटर खांद्यावर पेलून, तिनं बोल्ट काढला. मोटर तिनं हळूच खाली उतरवून ठेवली. बोल्ट हातात घेऊन तिनं उजेडात फिरवून बघितला. चकचकीत. कुठं चरा नाही, काही नाही.

दादाला पलंगावर न्यायला पुन्हा शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. त्यांनी चपला काढल्या, दादानं डोळे मिटले.

संध्याकाळी भांडण झालं. तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं की तो तुटणार होता का. सांगता येत नाही, ती म्हणाली. कदाचित उद्या तुटला असता, कदाचित कधीच नसता. मग भट्टीत घालून परत बसव, तो म्हणाला. आता त्याचा उपयोग नाही, ती म्हणाली, आतून तडा गेला असेल तर गेला असेल. दुसरा बोल्ट करायचा तर गाडाच नवा करायला हवा, मोठ्या भोकाचा. त्याला वेळ लागणार. दादानं छताकडे बघितलं. असेल म्हणे, नसेल म्हणे, तो शेवटी म्हणाला, मग तू शिकवतेस तरी काय?

दुसऱ्या दिवशी तिनं तो बोल्ट प्रयोगशाळेत एका चौकटीत आवळला, त्याला लोखंडाच्या वजनदार चकत्या लटकवल्या आणि वर पाटी लावली, हात लावू नये. आता वाट बघायची, बस. चौकडी नव्या गाड्याच्या कामाला लागली. यावेळी बोल्ट स्टेनलेसचा, त्यामानानं मऊ पण चांगला जाड, म्हणजे गंजाची कटकट नको आणि मुलामाही नको. वेणीवाली तहानभूक विसरून काम करत होती. भिंगरी तिच्या भोवती घिरट्या घालायची आणि मग त्या चौकटीपाशी जाऊन उभी राहायची. बोल्ट आपला तिथंच, चमकत.

घरात दादा बोलेनासा झाला होता. ते एक वेळ चाललं असतं, तो रुसला की रुसतोच. पण एक दिवस स्वयंपाकघरात वहिनी भांडी विसळताना हळूच म्हणाली की हे पाणी पीत नाहीत. भिंगरीला आधी कळलंच नाही. पाणी प्यायलं की न्हाणीघरात जावं लागतं, वहिनी म्हणाली, आणि न्हाणीघर म्हटलं की ती माणसं. म्हणून ओठ ओले करतात आणि पेला ठेवून देतात. जेवणही अर्ध्यावर आणलंय. भिंगरी ओट्याला धरून उभी राहिली. तिला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्यानंतर तर तिचा जीव थाऱ्यावर राहीना. तासाला तिचं लक्ष लागेना, सहकारी काही विचारायला आले की ती भलतंच उत्तर द्यायची. महाविद्यालयात पाऊल टाकलं की आधी प्रयोगशाळा. बोल्ट तुटला असेल तर सगळं सोपं होतं. तुकडे दादाच्या हातात ठेवायचे, बघ म्हणायचं. तो तुटत नव्हता. चौकटीत तो जितका टिकत होता तितकी ती खोटी पडत होती. विभागप्रमुखांनी तर चहा पिता पिता विनोदही केला की मॅडम, तुमचं भूत काही बाहेर येत नाही बुवा.

आणि एका सकाळी प्रयोगशाळेच्या दारात, कुलपात किल्ली घालता घालता, आपण मनातल्या मनात काय म्हणतोय हे तिला ऐकू आलं. तूट रे बाबा, एकदाचा तूट. ती जागच्या जागी थिजली. ज्याच्यावर आपला भाऊ रोज लटकत होता, तो तुटण्याइतका नासका निघावा, असं तिला हवं होतं. आपण खरं ठरावं म्हणून. तुटला तर अंगावर काटा, नाही तुटला तर तोंड काळं, अशा दोन्हीकडून ती सापडली होती. आणि तुटला नाही म्हणून तो चांगला होता, असंही सिद्ध होत नव्हतं. हे ती कुठल्याही विद्यार्थ्याला फळ्यावर मांडून दाखवू शकली असती. तिनं आत जाऊन चकत्या उतरवल्या, बोल्ट सोडवला, करवतीनं त्याचे दोन तुकडे केले आणि भंगारात टाकून दिले. तुटण्याची वाट बघणं तिनं तिथं संपवलं. पण मन काही हलकं झालं नाही.

नवा गाडा तयार झाला, नवा बोल्टही, अर्थात जोडीनं. जोडीतला एक यंत्रात ओढला तेव्हा तो आधीच्यासारखा काडकन गेला नाही. आधी लांबला, मध्ये बारीक झाला, पुरेसा इशारा दिला आणि मग तुटला. वेणीवाली ते तुकडे हातात धरून सगळं सांगत होती तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. मग सगळे घरी आले आणि त्यांनी झोका बसवला. चौकडी मोठ्या आशेनं दादाकडे बघत राहिली. दादा म्हणाला, छान आहे, आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. पोरं हिरमुसली होऊन गेली.

भिंगरी त्याच्या उशाशी बसली. यावेळी तिनं खुर्ची उलटी केली नाही.

‘तो जुना तुटला का?’ दादानं भिंतीलाच विचारलं.

‘नाही. मीच कापून टाकला.’

‘म्हणजे तुटलाच नसता कदाचित.’

‘कदाचित.’

‘आणि इतके दिवस मला उगाच लोळवलंस.’

‘कदाचित,’ ती म्हणाली. ‘पण पुन्हा तसाच प्रसंग आला, तर मी पुन्हा काढीन.’

दादानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्यानं तिच्याकडे नीट बघितलं होतं. मग तो म्हणाला की बोल्ट काढल्याचा मला राग नाहीच. बस चालवत होतो, ब्रेकबद्दल नुसता संशय आला तरी मी भरलेली गाडी रस्त्यात उभी केली आहे आणि माणसांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पण मी त्यांना सांगायचो तरी, की बाबांनो, का थांबवतोय. तू मला फरशीवर बसवलंस आणि स्टुलावर चढलीस.

‘विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास,’ भिंगरी म्हणाली.

‘म्हणालोच असतो.’

‘म्हणून नाही विचारलं.’

‘ते कळलं मला. पुढच्या वेळी विचार. मी नाहीच म्हणणार. मग काढ. पण आधी विचार.’

भिंगरीनं मान डोलावली. पोलादाला तिनं सगळं विचारलं होतं. ओझं किती, ओल किती, वाफ कुठून येते, साबण लागतो का, मोडलं तर कुठून मोडेल. ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा केला, त्याला मात्र एक प्रश्न विचारलेला नव्हता. तिला त्याची इतकी लाज वाटली की डोळे कुठं लपवावेत तेही कळेना.

दादानं हात पुढे केला आणि म्हणाला की बटण दे इकडे. तिनं झोळी त्याच्या अंगाखाली घातली, पट्टे अडकवले, दोनदा ओढून बघितले. त्यानं बटण दाबलं. मोटर घुमू लागली आणि तो पलंगावरून वर आला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होती. दादानं तो हातात घेतला आणि तसाच लटकत एका दमात रिकामा केला.

भिंगरीला मग विचारायचं सुचलं.

‘कुठं बसायचंय, दादा?’

‘दारात,’ तो लगेच म्हणाला, जणू कितीतरी दिवस कुणीतरी विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. ‘खिडकीतून बसगाड्या नुसत्या जाताना दिसतात. दारात बसलं की येणाराजाणारा दोन शब्द बोलतो तरी.’

तिनं वर बघितलं. रूळ न्हाणीघराकडे जात होता, खिडकीकडे जात होता. दाराकडे तो जातच नव्हता.